टोचलेले कळते का?

गेल्या हिवाळ्यात आमच्यावर हर्नियाची एक लहानशी शस्त्रक्रिया झाली. ती लहानशी होती हे इतर सर्वांचे मत; आम्ही त्यावर भाष्य करीत नाही. लातूरच्या एका खासगी रुग्णालयात सकाळी साडेसातच्या सुमारास आम्हांला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगण्यात आले, पाठीच्या कण्यात एक सुई शिरली आणि थोड्याच वेळात कमरेखालचा सारा मुलूख आमच्या अमलाखालून गेला. स्वतःचे पाय कोणा परक्याने तेथे आणून ठेवावेत तसे पडले होते. डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाने सुईचे टोक पोटावर खालून वर टेकवीत विचारले, "टोचलेलं कळायलंय का?" नाही, असे आम्ही सांगितले. टोक वर सरकले. "आता?" नाही. "आता?" तेथे मात्र कळले. "बरं. घाबरू नकोस. कसं वाटायलंय?"

आम्हांला हसू आले. परिचारिकेला वाटले औषध डोक्यात चढले. वस्तुतः तो प्रश्न, ती टोचणी आणि तो धीर देणारा, किंचित घाईतला आवाज आम्ही वयाच्या सोळाव्या वर्षापासून ओळखत होतो, एका गाण्यातून. विचारणारा भूलतज्ज्ञ जवळपास तीस वर्षांपूर्वी आमचा खोलीसोबती होता, आणि ते गाणे त्याच खोलीत आमच्या आयुष्यात आले होते. मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते. ते हसत नव्हते.

(येथे आणि पुढेही 'आम्ही' म्हणजे एकटा प्रस्तुत लेखक; खोलीतल्या दोघांविषयी बोलायचे असेल तेव्हा 'आम्ही दोघे' असे म्हटले आहे. ही आमची जुनी खोड आहे आणि तिच्याबद्दल पुढे बोलणी खावी लागणार आहेत.)

ते गाणे पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'द वॉल' या १९७९ च्या अल्बममधले, 'कम्फर्टेबली नम'. त्यातला शेवटचा 'ब' उच्चारायचा नसतो हे आम्हांला एम. ए.ला असताना कळले. तोवर लातुरात आम्ही तो खणखणीत उच्चारीत होतो. गाण्यामागची हकिगत प्रसिद्ध आहे. १९७७ साली बँडच्या दौऱ्यात फिलाडेल्फिया येथील कार्यक्रमापूर्वी रॉजर वॉटर्स यांच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले, वॉटर्स रंगमंचावर गेले आणि हात धड उचलत नसताना त्यांनी तो कार्यक्रम निभावला. 'द वॉल'मध्ये या प्रसंगाचे एक नाट्य झाले. भिंतीआड स्वतःला कोंडून घेतलेला एक गायक हॉटेलच्या खोलीत निश्चल पडला आहे, बाहेर प्रेक्षक ताटकळले आहेत, आणि त्याला उठवून उभा करण्यासाठी डॉक्टर बोलावला आहे.

गाण्यात दोन आवाज आहेत. कडव्यांत डॉक्टर बोलतो, तो वॉटर्स यांचा आवाज. ध्रुवपदात रुग्ण बोलतो, तो डेव्हिड गिल्मर यांचा. डॉक्टर विचारतो त्याचे उत्तर रुग्ण देत नाही. कोठे दुखते ते सांगण्याऐवजी तो दूर कोठे तरी जात असल्याचे सांगतो, लहानपणच्या एका तापाची आठवण काढतो, डोळ्यांच्या कोपऱ्यातून क्षणभर दिसून हरवलेल्या कशाविषयी तरी बोलतो. डॉक्टरला त्याचे काही नसते. मग सुई टोचली जाते आणि गायकाला कार्यक्रमाकडे नेले जाते. ध्रुवपदानंतर एकदा आणि अखेरीस एकदा गिल्मर यांची गिटार एकटी बोलते. रॉक संगीतातल्या सर्वोत्तम गिटारवादनांच्या याद्यांत त्या शेवटच्या वादनाचे नाव हटकून असते. आम्ही मात्र याद्या वाचून त्याच्याकडे गेलो नाही.

१९९५ च्या दिवाळीत पुण्यास अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या आतेभावाने नव्वद मिनिटांच्या एका कोऱ्या कॅसेटवर हा संपूर्ण अल्बम भरून दिला. सोबत आपला जुना वॉकमन दिला, कारण त्याने नवा घेतला होता. कॅसेटची बाजू बदलली की साधारण चौदा मिनिटांनी ते गाणे लागे. हा हिशेब आम्हांला आजही तोंडपाठ आहे, आणि त्या दोन वर्षांत पाठ केलेल्या सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रियांपैकी एकही आठवत नाही.

त्या काळचे लातूर ज्यांनी पाहिले नाही त्यांना आमच्या खोलीची कल्पना द्यायला हवी. वैद्यकीय प्रवेशाची वाट तेव्हा बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या गुणांतून जात असे, आणि ती वाट 'लातूर पॅटर्न'ने रुंद केली होती: जादा तास, पहाटेचे वर्ग, सराव परीक्षांवर सराव परीक्षा, आणि गुण घसरले की घरी निरोप. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचे नाव या पॅटर्नशी जोडले जाते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांची दुसरी ओळख अधिक महत्त्वाची वाटावी. ते इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला, आणि पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच. ज्या शहराने हजारो डॉक्टर घडवले त्याच्या घडणीत एक असा माणूस होता ज्याला ब्लूज म्हणजे काय हे ठाऊक होते, याची गंमत आम्हांला फार उशिरा कळली. पिंक फ्लॉइड हे नावही पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या नावांतून घेतलेले आहे. औसा रोडच्या आतल्या गल्लीत वॉकमन कानाला लावून बसलेल्या मुलाला यातले काहीच माहीत नव्हते. त्याला इतकेच ठाऊक होते की आपल्याला डॉक्टर व्हायचे आहे आणि गाण्यातही एक डॉक्टर आहे.

खोली दहा बाय दहाची, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. त्या गल्लीत स्लॅबच्या खोल्या त्याच भाड्यात मिळत होत्या. परंतु सोबत्याच्या वडिलांनी खोल्या दाखवणाऱ्या मावशींना पहिल्याच भेटीत सांगितले होते, "बाकी काई बी चालतंय, फकस्त वर स्लॅब नको." उन्हाळ्यात पत्रा तापून अभ्यास अशक्य होई तेव्हा आम्ही त्या वडिलांना मनातल्या मनात बोल लावीत असू. ते तेरणेकाठच्या एका गावचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या घरात तिघे झोपले होते. त्यांपैकी ते एकटे निघाले.

त्या भूकंपाविषयी मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना सहसा मृतांचा आकडा ठाऊक असतो. तो काही हजारांचा आहे. घरांविषयी ठाऊक नसते. आमच्याकडे दोन-तीन हात रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद अशी घरे असत. उन्हाळ्यात गार, चोराला भारी, पिढ्यान् पिढ्या टिकणारी. भिंत जितकी जाड तितके घर मातबर. त्या पहाटे त्याच भिंती आणि तेच माळवद झोपलेल्यांवर आले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून उशिरा परतलेली, बाहेर मांडवात किंवा पारावर आडवी झालेली पोरे वाचली. आमचा सोबती त्यांतला एक. त्याची आई आणि धाकटी बहीण आत होत्या. हे त्याने आम्हांला एकदाच सांगितले, अकरावीच्या पहिल्या आठवड्यात, डबा खाता खाता, आणि लगेच विचारले, "तुला वरण पाहिजे का अजून?"

आमचे स्वतःचे गाव औसा तालुक्यातलेच, पण लांबचे. आमच्या भिंतीला एक भेग पडली. ती बुजवून झाली.

'द वॉल'च्या १९८० आणि ८१ सालच्या प्रयोगांत प्रेक्षक आणि वादक यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या पांढऱ्या विटांची प्रचंड भिंत रचली जाई, आणि या गाण्याच्या वेळी गिल्मर त्या भिंतीच्या माथ्यावर उभे राहून वाजवीत. पुढे ती भिंत प्रेक्षकांदेखत कोसळवीत. वॉटर्स यांचे वडील १९४४ साली इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. अल्बममधल्या भिंतीची पहिली वीट त्या मृत्यूची आहे. तेव्हा या भिंतीला आम्ही हलके लेखीत नाही. पण भिंत हे मनाचे रूपक असते आणि ती पडणे म्हणजे मोकळे होणे असते, असे आम्ही वर्गात शिकवू लागलो की आजही समोरच्या बाकांवर तेरणेकाठचे कोणी असेल का, अशी शंका मनात येते. त्या भागातल्या कित्येकांनी पुनर्वसनातली पक्की घरे मिळाल्यावरही अंगणात पत्र्याचे शेड घातले आणि झोपायला तेच वापरले.

आता त्या रात्रींविषयी. सोबती साडेतीनच्या सुमारास उठून बसे. ओरडणे, रडणे असे काही नाही. अंधारात पाठ ताठ ठेवून बसलेला दिसे, ओठ कोरडे पडलेले, श्वास उथळ. झोपतानाही त्याचा एक हात गादीबाहेर, फरशीवर सपाट टेकलेला असे. उकाड्यामुळे असेल, असे आम्ही धरून चाललो. आम्ही विचारीत असू: काय होतंय, कुठं दुखतंय? "काई नाई." पाणी देऊ का? "नको." पाच वाजता पहिला वर्ग असे आणि आम्हांला दीड तासाची झोप हवी असे. मग एके रात्री आम्हांला उपाय सुचला. आम्ही वॉकमन त्याच्या हातात दिला, हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि सांगितले, हे ऐक, बरे वाटेल. त्याने मान डोलावली आणि आडवा झाला. आम्ही झोपलो.

उपाय लागू पडला. त्यानंतर जवळजवळ रोज रात्री आम्ही झोपण्यापूर्वी कॅसेट नेमक्या त्या गाण्याशी आणून ठेवीत असू. सेल वाचावेत म्हणून पेन्सिलीने फिरवून. साडेतीनला तो उठला की न बोलता वॉकमन पुढे करायचा. तो हेडफोन लावी, पडून राही. सकाळी पाहावे तर कॅसेट पुन्हा त्याच जागी असे, आणि ऐकून झाल्यावर न विसरता मागे आणून ठेवणारा हा केवढा शिस्तीचा मुलगा, असे आम्हांला वाटे. गंजगोलाईतून घेतलेले सेलही आश्चर्य वाटावे इतके टिकत. सराव परीक्षांत त्याचे गुण चढत गेले. बारावीनंतर तो वैद्यकीयला गेला, आम्ही गेलो नाही. आमच्या त्या वेळच्या वहीत एक वाक्य आहे, ते येथे देताना संकोच होतो: 'संगीताने माणूस बरा होतो हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.'

पुढे आम्ही इंग्रजी शिकवू लागलो. बँडचे चौघे सदस्य बऱ्याच वर्षांनी २ जुलै २००५ रोजी लंडनला हाइड पार्कमध्ये एकत्र आले, तेव्हा त्यांनी शेवटी हेच गाणे वाजवले. ते चौघे एकत्र वाजवण्याची ती अखेरची वेळ ठरली, कारण २००८ साली रिचर्ड राइट वारले. २००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईत येऊन गेले. आम्ही गेलो नाही, पेपर तपासायचे होते. त्याच सुमारास महाविद्यालयाच्या वार्षिकांकात आम्ही या गाण्यावर एक लेख लिहिला आणि शीर्षकाचे भाषांतर करण्याच्या खटाटोपात पडलो. तो खटाटोप अद्याप संपलेला नाही.

'नम'ला मराठीत शब्द पुष्कळ आहेत, अडचण तीच आहे. 'सुन्न' घ्यावा तर तो 'शून्य'ातून आला आहे. धक्का बसलेला माणूस सुन्न होतो, पण सुईने कोणी सुन्न करीत नाही. 'बधिर' हा वैद्यकाने स्वीकारलेला शब्द; 'बधिरीकरणशास्त्र' अशी पाटीच असते. पण बधिर म्हणजे बहिराही. अंगाला स्पर्श न कळणे आणि कानाला आवाज न कळणे या दोहोंना एकच शब्द ठेवणाऱ्यांनी काही विचार केला असेलच. तिसरा शब्द 'भूल', आणि लोक वापरतात तो हाच: भूल दिली, भूल उतरली. हा शब्द चूकही आहे, विसरही आहे आणि मोहही. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथर देऊन शस्त्रक्रिया झाल्यावर त्या अवस्थेला 'अॅनेस्थेशिया' हे नाव सुचवले ते ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. ते डॉक्टर होते आणि कवीही. पण संवेदनेचा अभाव इतकाच अर्थ त्यांच्या शब्दात आहे. आपल्याकडे ज्या कोणी 'भूल' हा शब्द या कामाला लावला तो अधिक मोठा कवी म्हणावा लागेल.

आणि मग 'कम्फर्टेबली'. लेखात आम्ही 'सुखाने' वापरला होता. आता आम्हांला दुसराच शब्द योग्य वाटतो, पण तो कसा सापडला हे सांगण्यासाठी रुग्णालयात परतायला हवे.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सोबती आमच्या खोलीत आला. डोके वर करायचे नाही अशी आम्हांला ताकीद होती. कण्यातल्या सुईनंतर डोके दुखते म्हणून. त्यामुळे पुढचे सारे बोलणे आम्ही छताकडे पाहत केले. अंगठ्यांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. त्याने चादर वर करून तळपाय चिमटून पाहिले, समाधान झाल्यावर खुर्ची ओढून बसला. सकाळी का हसलास, असे त्याने विचारले. आम्ही गाण्याचे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"तुझा तो लेख मी वाचला होता," तो म्हणाला. "कॉलेजच्या अंकातला. त्यात लिहिलंस की, आम्ही रात्र रात्र ते गाणं ऐकत असू. आम्ही म्हणजे कोण कोण रे, मास्तर?"

आम्ही म्हटले, आम्ही दोघे.

"मी ते गाणं ऐकलेलं नाई."

आम्हांला वाटले तो विनोद करतो आहे.

"बटणच दाबलं नाई कधी. तू हेडफोन लावून द्यायलास, मी पडून राहायलो. तू झोपायलास. तुला झोप लागली की काढून ठेवायलो."

मग कशासाठी लावून घेत होतास, असे विचारण्यास आम्हांला बराच वेळ लागला. तो सांगू लागला तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या रुग्णाचा इतिहास सांगावा तसे सांगत होता. भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्याअखेर, किल्लारीच्या आसपास महिनाभर लहान लहान धक्के बसत होते, जमिनीतून गुरगुर येत असे. आई त्याला म्हणायची, भुईवर हात ठेव, आधी हाताला कळतं. पुढच्या वर्षी मांडवात झोपताना खाली सतरंज्या होत्या, हाताला काही कळले नाही. म्हणून त्या वेळेला तो जागा राही आणि फरशीवर हात ठेवी. साडेतीन ते चार. चार वाजून गेले की झोपायचे. त्यात दुखण्याखुपण्याचे काही नव्हते. ते त्याचे काम होते. "हेडफोन लावल्यावर एक बरं व्हायचं," तो म्हणाला, "तू कुठं दुखायलंय म्हणून विचारायचं थांबायलास."

सेल टिकत होते, कॅसेट सकाळी त्याच जागी असे. साहित्यकृतीचे बारकाईने वाचन करण्याचे आम्ही गेली वीसेक वर्षे वेतन घेतो.

आम्ही काही तरी बोलायचे म्हणून विचारले की, तुझ्या शास्त्राप्रमाणे गाण्यातल्या त्या डॉक्टरने नेमके काय दिले असेल. हा प्रश्न त्याला आवडला. भूल देताना तीन गोष्टी वेगवेगळ्या सांभाळाव्या लागतात, तो म्हणाला: भान, वेदना आणि हालचाल. तिन्हींची औषधे निराळी. "हालचालीचं औषध देलं आणि बाकीची दोन देली नाईत, किंवा कमी पडली, तर माणसाला सगळं कळतं, सगळं दुखतं, पण बोट हलवता येत नाई. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत झोपलाय. आम्हाला सगळ्यात भ्या त्याचं." त्या भीतीपोटीच तो शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या डोक्यापासून हलत नाही, आणि शिकाऊ डॉक्टरांना सांगतो की शांत दिसण्यावर विश्वास ठेवू नका, नाडी बघा, घाम बघा, डोळ्यांत पाणी येते का ते बघा.

इतकी वर्षे आम्ही त्या गाण्यात रुग्णाच्या बाजूचे होतो. कोण नसतो? डॉक्टरचे आवाज कोरडे, रुग्णाचे सूर भरलेले, मागे मायकेल केमन यांनी रचलेला तंतुवाद्यांचा मेळ, आणि मग ती गिटार. सोळा वर्षांच्या मुलाला आपण त्या कोरड्या आवाजाचे आहोत असे वाटणे शक्य नाही. पण साडेतीन वाजता कोठे दुखते असे विचारून, उत्तराची वाट न पाहता औषध देऊन, पाच वाजताच्या वर्गासाठी माणूस उभा करणारे त्या खोलीत आम्हीच होतो. वाईट हेतूने नव्हे. गाण्यातला डॉक्टरही वाईट हेतूचा नाही. तो खरोखर धीर देतो, खरोखर मदत करतो, बाहेर कार्यक्रम खोळंबला आहे एवढेच. 'कम्फर्टेबली'साठी आम्हांला सापडलेला शब्द 'खुशाल' हा आहे. खुशाल म्हणजे सुखरूप, आणि खुशाल म्हणजे कशाचीही तमा न बाळगता. तो खुशाल झोपला, असे आपण रागाने म्हणतो. इंग्रजी क्रियाविशेषण रुग्णाला लागते. त्या खोलीतले मराठी क्रियाविशेषण दुसऱ्या गादीवरच्या मुलाला लागत होते.

संगीताची एक गोष्टही या निमित्ताने नव्याने ध्यानात आली. कडवी बी मायनरमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टर त्या खिन्न स्वरभूमीवर बोलतो. ध्रुवपद डी मेजरमध्ये उजळते आणि पहिले गिटारवादन त्याच उजेडात होते. शेवटचे, प्रसिद्ध वादन मात्र पुन्हा कडव्यांच्या स्वरावलीवर आहे. आम्ही ते रुग्णाची मुक्तता म्हणून ऐकत आलो आणि तसेच शिकवीत आलो. ते डॉक्टरच्या भूमीवर चालते. इंजेक्शन दिले गेले आहे, माणसाला रंगमंचाकडे नेले आहे, शब्द संपले आहेत, आणि आता जे ओरडणे चालू आहे ते ज्याने कोठे दुखते म्हणून विचारले त्याच्याच सुरांवर चालू आहे, त्याला ऐकू न येता. वॉटर्स यांनी २०२२ साली हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले तेव्हा गिटारची दोन्ही वादने काढून टाकली. आम्ही तेव्हा फार चिडलो होतो. आज चिडण्याचे कारण तेच आहे, पण आवाज कमी आहे.

हे सारे अर्थात नंतरचे विचार. त्या संध्याकाळी सोबती म्हणाला, "आहे का तुझ्याकडं? लाव की. बघू तरी काय होतं ते." आम्ही फोनवर गाणे लावले. इयरफोनची एक गोळी त्याने स्वतःच्या कानात घातली, दुसरी आमच्या. तार आखूड असल्यामुळे त्याला खुर्ची पलंगाला भिडवून आमच्यावर झुकावे लागले. पहिल्या कडव्यात तो हसला. "हे बरोबर आहे. असंच बोलतोत आम्ही." ध्रुवपदात काही बोलला नाही. सुई टोचली जाते तेथे म्हणाला, "डोस सांगत नाई हा माणूस." आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहू शकत नव्हतो, छताचा एक कोपरा आणि त्याची केस विरळ झालेली कानशिले इतकेच दिसत होते. त्याचा एक हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर होता, सपाट.

शेवटचे वादन सुरू होऊन वीस-पंचवीस सेकंद झाली असतील, त्याचा फोन वाजला. त्याने ऐकले, उठला. "सिझर आहे. बाळाचे ठोके कमी झालेत." कानातली गोळी काढून त्याने उशीवर ठेवली आणि जाता जाता दारातून म्हणाला, "डोकं वर करू नकोस. सकाळी येतो."

आमच्या एका कानात गिटार चालू होती. दुसऱ्या गोळीतून तेच सूर बारीक, डास गुणगुणावा तसे उशीवर येत होते. ती उचलायला हात पुरत नव्हता.